गिअर कधी बदलायचा? टर्बो मॅन्युअल गाडी आणि पुण्याचे रस्ते

येवलेवाडी मागे टाकून बोपदेव घाट चढायला लागलो आणि दुसऱ्याच वळणानंतर भाचीने तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा तेराशेवर होता. गाडी पुढे झेपावायच्या ऐवजी नुसती आतल्या आत घुमली, शेतातल्या जुन्या पंपासारखी, आणि मागच्या दुचाकीवाल्याने हॉर्न दिला. ती वैतागून म्हणाली, "मामा, एकशेवीसची पॉवर गेली कुठे?"

पॉवर होती तिथेच होती, सहा हजारांवर. तिची गाडी आय२० एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनी १२० पीएस (म्हणजे जवळजवळ अश्वशक्तीच) सांगते ते ६,००० आरपीएमला, आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सांगते तो १,५०० ते ४,००० च्या दरम्यान. तेराशेला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, अजून अंगात आलेला नसतो, त्यामुळे दोन्हींपैकी काहीच हाती लागत नाही.

त्या दिवशी सासवडला मिसळ खाताना तिने विचारलं, की मग नक्की किती आरपीएमला बदलायचा, एक आकडा सांग. एक आकडा मला सांगता आला नाही, म्हणून हा लेख. वरचा गिअर कधी टाकायचा हे गणित आहे, कागद-पेन घेऊन बसलं तर तासाभरात कळतं. खालचा कधी टाकायचा हे रस्त्यावर शिकावं लागतं, आणि पुण्याच्या आसपास खरी मजा आणि खरा उपयोग तिथेच आहे.

आधी आपल्या गाडीची मापं घ्या

दोन गोष्टी कागदावर लागतात. पहिली कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते: जास्तीत जास्त टॉर्क किती आरपीएमपासून कितीपर्यंत, आणि जास्तीत जास्त पॉवर कितीला. दुसरी आपली आपण मोजायची.

पहाटे सपाट, मोकळा रस्ता गाठा. हडपसरची गर्दी संपल्यावर सोलापूर रस्ता चालतो. शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसवा. चालवणाऱ्याने लिहायला जाऊ नये. वेगाचा काटा बरोबर ६० वर स्थिर धरा आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक गिअरमधला आरपीएम सांगत जा. सोयीसाठी असे गोल आकडे धरू: दुसऱ्यात ४,०५०, तिसऱ्यात २,७००, चौथ्यात २,०००, पाचव्यात १,६००, सहाव्यात १,३५०. तुमचे थोडे वेगळे येतील.

आता शेजारच्या आकड्यांचा भागाकार करा. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की आरपीएम दोन तृतीयांश उरतो. चौथ्यातून पाचव्यात गेलं तर ऐंशी टक्के उरतो. खालच्या गिअरांमधल्या पायऱ्या उंच, वरच्या बुटक्या. हे गुणोत्तर कोणत्याही वेगाला तेच राहतं, त्यामुळे एकदा वहीत उतरलं की कायमचं काम झालं.

वरचा गिअर: सगळ्यात जोरात पळवायची असेल तर

"टॉर्क जिथे जास्त तिथे गिअर बदल" हा सल्ला पार्किंगमध्ये हमखास ऐकू येतो. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण चूक आहे. चाकापर्यंत पोचतो तो इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअर. इंजिन एकटं काही ठरवत नाही.

चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टुस जीटीचं १.५ लिटर टर्बो इंजिन घेऊ, कारण गाडी माझ्याकडे आहे आणि आकडे सुटसुटीत आहेत. २५० न्यूटन मीटर १,६०० ते ३,५०० पर्यंत, १५० पीएस ५,००० ते ६,००० पर्यंत. पीएस आणि आरपीएम माहीत असेल तर टॉर्क काढता येतो: पीएस गुणिले ७,०२३, भागिले आरपीएम. म्हणजे सहा हजारांवर साधारण १७५ न्यूटन मीटर. कंपनी जे मधले आकडे देत नाही ते मी अंदाजाने धरतोय. आपल्याला पद्धत समजून घ्यायची आहे.

वरच्या मापाप्रमाणे दुसऱ्याचा गुणाकार ३ धरला तर तिसऱ्याचा २ येतो. आता बघा. दुसऱ्यात ३,५०० ला ओढ २५० गुणिले ३, म्हणजे ७५०. "टॉर्क संपला" म्हणून इथेच तिसरा टाकला तर काटा २,३३३ वर येतो, टॉर्क तोच २५०, पण गुणाकार दोनचा: ५००. एक तृतीयांश ओढ आपण आपल्या हाताने सोडून दिली. तेच सहा हजारांपर्यंत थांबलात तर दुसऱ्यात १७५ गुणिले ३, म्हणजे ५२५. तिसऱ्यात गेल्यावर ४,००० ला साधारण २४० गुणिले २, म्हणजे ४८०. अजूनही दुसराच वरचढ. ६,३०० च्या आसपास दुसऱ्यातला टॉर्क १५७ पर्यंत घसरला असं धरलं तर ४७१ येतात, आणि तिसऱ्यात ४,२०० ला २३५ च्या हिशेबाने ४७०. दोन्ही पारडी सारखी झाली. तिसरा टाकायचा तो इथे.

चौथ्यातून पाचव्यात जाताना मात्र पायरी बुटकी. ६,००० वरून काटा ४,८०० वर उतरतो, आणि तिथे पॉवर जवळजवळ पूर्ण मिळते. तिथे ६,३०० पर्यंत ताणण्यात नुसता आवाज. म्हणजे एकाच गाडीत प्रत्येक गिअरची वेळ वेगळी: खालच्या गिअरांत पॉवरच्या शिखराच्या बरंच पुढे, वरच्यांत शिखर ओलांडलं की लगेच.

बाकी इंजिनांचं थोडक्यात. होंडा सिटीसारखं टर्बो नसलेलं इंजिन १२१ पीएस देतं ते ६,६०० ला. त्याला लाल पट्ट्यापर्यंत न्यावंच लागतं, आणि ते तिथे खूषही असतं. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे, हवा पाचेक टक्के विरळ. टर्बो ते बहुतेक भरून काढतो, साध्या इंजिनाला भरून काढता येत नाही. मुंबईहून येणारा मित्र घाट चढून आल्यावर "गाडी जरा मंदावली" म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नका. डिझेल चार हजारांवर ताणणं हा मात्र शुद्ध छळ आहे, इंजिनाचाही आणि कानांचाही.

एक गोष्ट या हिशेबातून आपोआप बाहेर पडते. माझ्या मापाने दुसऱ्यात ६,००० म्हणजे ताशी ९० किलोमीटर. तिसऱ्यात ६,३०० म्हणजे १४०. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला मर्यादा १०० ची, आणि कॅमेरे आहेत. म्हणजे कायद्यात राहून पूर्ण ओढता येतात असे गिअर दोनच, पहिला आणि दुसरा. तिसरा संपवायचा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर जा, पैसे भरा, हेल्मेट घाला. ताम्हिणीत ही हौस भागवू नका. वळणापलीकडे म्हशी असतात, आणि पावसाळ्यात भजी खात रस्त्यातच उभी असलेली माणसंही असतात.

हात आणि पाय

गिअरच्या दांड्याची मूठ आवळू नका. तळहात उघडा ठेवून ढकला. न्यूट्रलमध्ये दांडा आतल्या स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन उभा राहतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना म्हणूनच फक्त पुढे ढकलायचं, उजवीकडे न्यायचं काम स्प्रिंग करते. जो मुठीत घट्ट धरून स्वतः दिशा देतो तो एखाद दिवशी पाचव्यात जाऊन बसतो.

क्रम असा: अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायला लागतानाच क्लच खाली, दांडा पुढच्या गिअरमध्ये, क्लच वर येताना अ‍ॅक्सिलरेटर परत. घाईत केलं तर आजच्या गाड्यांत धक्का बसतो, आणि तो दर वेळी तुमचाच दोष असतो असं नाही. अ‍ॅक्सिलरेटरला आता केबल नसते, वायर असते; तुम्ही पाय काढलात तरी प्रदूषणाच्या नियमांपायी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेची झडप (थ्रॉटल) सावकाश मिटतो आणि काटा क्षणभर वरच लटकतो. तो उतरेपर्यंतची जी अर्धी मात्रा आहे ती थांबायला शिका. "एक" म्हणायला लागतो तेवढाच वेळ.

आणि बदलून झाला की हात स्टिअरिंगवर, डावा पाय क्लचवरून बाजूला. नाना पेठेत ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं गाडी नेतो ते काका क्लच प्लेट बदलताना एकच वाक्य बोलतात: "साहेब, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे." पुढचं बिल देताना ते वाक्य नीट समजतं.

खालचा गिअर, म्हणजे खरी शाळा

वर जाताना चुकलात तर फार तर थोडा वेळ जातो. खाली येताना चुकलात तर क्लच जातो, वळणात मागचा-पुढचा तोल जातो, आणि फारच चुकलात तर इंजिन जातं.

मूळ अडचण समजून घ्या. तिसऱ्यात ३,००० वर चाललाय आणि त्याच वेगाला दुसरा टाकला तर इंजिनाला ४,५०० वर फिरावं लागणार. क्लच दाबल्यावर इंजिन मात्र खाली पडत असतं. क्लच सोडला की ही तीन-चार हजारांची तफावत क्लच प्लेट आणि चाकं मिळून भरून काढतात. तोच तो धक्का. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं तेवढ्यात घसरूही शकतात. इलाज एकच: क्लच सोडायच्या आधी आपण स्वतः रेस देऊन इंजिन ४,५०० च्या आसपास न्यायचं. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांनी वरंध घाटात डबल क्लच मारताना हेच आयुष्यभर केलं, आणि कुणी त्याला रेव्ह मॅचिंग म्हटलं नाही. आजच्या गिअरबॉक्समध्ये गिअरांचे वेग आतल्या आत जुळवून देणारा सिंक्रोनायझर असल्यामुळे डबल क्लचची गरज उरली नाही, रेस देण्याची उरली.

पायऱ्या अशा.

गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिन तापल्यावर, पायाने छोटा झटका देऊन काटा दोन हजारांनी वर नेता येतो का ते बघा. काही गाड्यांत उभं असताना रेसवर मर्यादा घातलेली असते, तेवढीच पुरे. इथे पायाला अंदाज यायला हवा, नजर काट्यावर नको. कानाने ऐका. सोसायटीत रात्री अकरा वाजता करू नका, पुढच्या सभेत विषय निघतो.

मग सपाट मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक न वापरता. चौथ्यात ५० वर चाला. क्लच दाबा, दांडा तिसऱ्यात, त्याच वेळी छोटी रेस, आणि रेस शिखरावर असतानाच क्लच सोडा. बरोबर जमलं तर शेजारच्याला कळणारही नाही. गाडी पुढे उसळली तर रेस जास्त झाली, मागे ओढली गेली तर कमी. पहिल्या वीस-पंचवीस वेळा बहुतेकांची कमीच होते, कारण पाय घाबरलेला असतो. चौथ्या-तिसऱ्यावर हात बसला की तिसरा-दुसरा घ्या; तिथे उडी मोठी, म्हणून रेसही मोठी.

ब्रेक लावता लावता रेस द्यायची तर उजव्या पायाला दोन कामं. त्यालाच हील-अँड-टो म्हणतात, पण टाच क्वचितच लागते. पंजाचा डावा भाग ब्रेकवर घट्ट, आणि पावलाची उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरवर कलती करायची. ब्रेकचा दाब या कलण्याने बदलता कामा नये. सगळी मेहनत त्यासाठीच आहे. पातळ तळाचे बूट घाला. कोल्हापुरी घालून हा प्रयोग केलेला एक मित्र आहे, त्याचा अंगठा पेडलखाली गेला होता. हे मुळीच जमलं नाही तरी बिघडत नाही. आधी ब्रेक, मग रेस देऊन गिअर, मग वळण, असं सुटं सुटं केलं तरी घाटाला पुरतं.

आणि सगळं वळणाच्या आधी. स्टिअरिंग वळलेलं असताना क्लच दाबायचा-सोडायचा नाही. वळणाच्या मध्यावर "अरे, खालचा हवा होता" असं वाटलं तर तसंच रेटा, पुढच्या वळणाला लवकर जागे व्हा.

घाट चढताना आणि उतरताना

चढताना गिअर असा निवडा की वळणातून बाहेर पडताना काटा टॉर्कच्या पट्ट्यात असेल. टर्बो गाडीत म्हणजे दोन हजारांच्या वर, अडीच असेल तर फारच छान. बोपदेवच्या तीव्र वळणांना दुसरा, जुन्या कात्रजला बराच वेळ तिसरा. भाचीने केलं तसं हजार-तेराशेवर पूर्ण दाबणं टर्बो पेट्रोलला खरोखर घातक आहे. कमी आरपीएम आणि प्रचंड ओझं अशा वेळी सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटू शकतं, आणि तो दणका पिस्टनला तडा देण्याइतका मोठा असू शकतो. मायलेजच्या मोहाने पाचव्यात घाट चढणारे पेट्रोलही वाचवत नाहीत, कारण गाडी कुंथायला लागली की पाय आपसूक जास्त दाबला जातो.

उतरताना जुना नियम: ज्या गिअरने चढाल त्यानेच उतरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक थंड राहतात. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं ही समजूत कार्बुरेटरच्या काळातली. आता गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडलेले ट्रक, तापून निकामी झालेले ब्रेक, आणि पुढे रांगेत उभ्या गाड्या. तिथे मी कारमध्येही चौथ्यातच असतो, आणि एक डोळा आरशात.

ओव्हरटेक

इथे माझीच चूक सांगतो. थंडीचे दिवस, सोलापूर रस्ता, यवतच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. मी पाचव्यात ९० वर. चौथा घ्यायचा होता. घाईत मूठ आवळली, दांडा डावीकडे जास्तच ओढला गेला आणि खाली गेला तो दुसऱ्यात. क्लच सोडला आणि इंजिन किंचाळलं. हिशेब वर दिलाच आहे: दुसऱ्यात ९० म्हणजे सहा हजार. नशिबाने लाल पट्ट्याच्या आत होतो. ११० वर असतो तर साडेसात हजार झाले असते. रेव्ह लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवायला लागली तर तो काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन उघडावं लागतं.

तेव्हापासून दोन सवयी. पाचव्यातून चौथ्यात येताना दांडा नुसता मागे ओढून न्यूट्रलला आणतो, स्प्रिंगला त्याला मध्ये आणू देतो, मगच खाली. आणि ओव्हरटेकचा गिअर समोरच्याच्या मागे असतानाच घेतो. शेजारी पोचल्यावर नाही. ७० वर पाचव्यात असाल तर चौथा वगळून सरळ तिसरा घ्या. माझ्या मापाने काटा १,८५० वरून ३,१५० ला येतो, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्यात, आणि पुढे लाल पट्ट्यापर्यंत भरपूर जागा. ओव्हरटेकच्या मध्ये गिअर बदलावा लागला तर निवड चुकली होती असं समजा. उलट दिशेने, काम झाल्यावर तिसऱ्यातून थेट पाचवा टाकायलाही काही हरकत नाही.

शहरात

फार सांगण्यासारखं नाही. दोन हजारांच्या आसपास वरचा गिअर, हलक्या पायाने. डॅशबोर्डवरचा बाण लवकर लवकर वर जा सांगतो, कारण त्याचा स्वभाव वेताळ टेकडीवरच्या एआरएआयला, म्हणजे गाड्यांचं मायलेज तपासणाऱ्या संस्थेला, शोभेल असा आहे, मायलेज सोडून त्याला काही दिसत नाही. सपाटीला त्याचं ऐका, चांदणी चौकाच्या चढाला ऐकू नका. लक्ष्मी रस्त्यावर दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिला आणि न्यूट्रल एवढंच असतं. तिथे हाफ क्लचवर गाडी लोंबकळत ठेवू नका, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच हला.

थंड इंजिन, तापलेला टर्बो

डिसेंबरच्या सकाळी गाडी काढली की पाण्याचं तापमान काही मिनिटांत वर येतं, ऑइलचं येत नाही. त्याला आणखी वेळ लागतो. पहिली दहा मिनिटं अडीच-तीन हजारांच्या आत आणि अर्ध्या पायाने. हीच शिस्त परतीला उलटी: घाटात जोरात चालवली असेल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा, म्हणजे टर्बोमधून थंड ऑइल फिरतं.

परवा भाचीबरोबर पुन्हा बोपदेवला गेलो. त्याच वळणाआधी तिने ब्रेक लावला, क्लच दाबला, रेस दिली, दुसरा टाकला. रेस जरा जास्तच झाली, गाडी हरणासारखी उसळली आणि माझ्या हातातला फ्लास्कचा चहा शर्टावर. पण वळणातून बाहेर पडली तेव्हा काटा अडीच हजारांवर होता. "सॉरी मामा," म्हणाली, आणि पाय दाबला.